दहापैकी नऊ

४ फेब्रुवारी

प्रिय घाईबाई,

सोबत पुडकं आहे. अडीचशे ग्रॅम कॉफी, परवा सकाळी भाजलेली. हातात पडल्या पडल्या तू ते फाडशील आणि उभ्या उभ्या दळायला घेशील, हे मला ठाऊक आहे. तरी सांगते, एक दिवस थांब. भाजलेल्या बियांना दम खाऊ द्यावा लागतो. आणि पाणी ओतल्यावर चार मिनिटं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तू ट्रंक कॉलच्या सवयीने तीन मिनिटं झाली की कप ओढायचीस, आणि मी "थांबा बाई!" म्हणून ओरडायचे. त्यावरून आपल्याला ही नावं पडली. नोकरी सुटली, नावं काही सुटली नाहीत.

या वेळी चवीचा निकाल जरा नीट लिही. विचारायला कारण आहे. गेले दोन-तीन महिने मला माझ्याच कॉफीची चव लागत नाही. कडू लागते, गरम लागते, त्यापलीकडे काही नाही. घोट गिळल्यावर मागे जे रेंगाळायचं ते येतच नाही. हिरव्या बिया दुसऱ्याकडून घेऊन पाहिल्या, पाणी बदललं, गाळणीचं फडकं नवं शिवलं. ढिम्म फरक नाही. म्हणजे आता दोनच गोष्टी उरल्या. एक तर बिया वाईट येताहेत, नाही तर माझंच काहीतरी बिघडलंय. इथे मला हे कोणी सांगू शकत नाही. तू सांगू शकतेस.

आमचे हे, म्हणजे आपले मोजणीदार, वारल्यापासून भाचा आणि भाचेसून माझ्याकडे राहायला आले आहेत, हे तुला कळवलं होतंच. मुलगी वाईट नाही. पण कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. दिवसभर शर्टांच्या उसवलेल्या शिवणी शोधायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या. परवा म्हणते, "आत्या, करपल्याचा वास येतोय." मी कढईपाशी उभी! कढईपाशी उभ्या बाईला येत नाही तो वास हिला जिन्यात येतो. मी चाळीस वर्षं वासावर भाजतेय. घड्याळ बघून भाजणाऱ्यांतली मी नाही. तिला म्हटलं, तू तुझी बटणं बघ.

फोन कर असं म्हणू नकोस. रिसीव्हर उचलला की मला अजून "नंबर प्लीज" म्हणावंसं वाटतं. शिवाय निकाल कागदावरच हवा. आपण दोघींनी सत्तावीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांना तारेवर खोटं बोलताना ऐकलं. "मजेत आहे." "नाही गं, रडत नाहीये, सर्दी झालीय." "बाबांची तब्येत सुधारतेय." म्हणून तर त्या विश्रांतीच्या खोलीत, एका चिरलेल्या किटलीपाशी, आपण ठरवलं होतं की बाकी कशाबद्दल काहीही बोलू, कॉफीबद्दल खोटं बोलायचं नाही.

तेव्हा सांग. बिया, की मी?

तुझी,
थांबाबाई


१९ फेब्रुवारी

प्रिय थांबाबाई,

निकाल : दहापैकी नऊ.

आधी निकाल, मग गप्पा, हा आपला नियम, म्हणून वर लिहून मोकळी झाले. एक मार्क कापलाय तो तू डोक्यावर बसू नयेस म्हणून. बिया उत्तम, भाजणी उत्तम, तूही उत्तम. वय झालं की जीभच आळसावते गं. आमच्या घरी बघ ना. ह्यांनी जन्मभर छापखान्यात खिळे जुळवले, आता ह्यांना वरणापासून अत्तरापर्यंत सगळ्याला शाईचा वास येतो. परवा लेकीने महागाचा साबण आणला, तर म्हणाले, "छान आहे, कितवी आवृत्ती?" तुझ्या कॉफीत तीन चमचे साखर घालून प्यायले आणि कप धुऊन ठेवला. कप धुणं म्हणजे केवढी दाद, ते तुला समजेल.

मी थांबले हो. एक दिवस पुडक्याकडे बघत बसले आणि चार मिनिटंही मोजली. उगाच शंका काढत बसू नकोस. तू पहिल्यापासून अशीच. लाइन ठणठणीत चालू असली तरी दोनदा तपासायचीस.

बाकी इथे सगळं ठीक. नातीला दात आले आणि ती मला चावते. वरच्या मजल्यावर पेटी शिकणारे एक गृहस्थ राहायला आलेत. चार सुरांच्या पुढे सरकत नाहीत, पण चिकाटी सोडत नाहीत. त्यांना तुझी कॉफी पाजावी का, असा विचार करतेय.

भाचेसुनेला माझा निकाल वाचून दाखव आणि मनावर घेऊ नकोस. तरुण मुलींना आपल्याला वास जास्त येतो असं वाटतंच.

पुढचं पुडकं कधी?

तुझी,
घाईबाई


३ एप्रिल

ती. मावशींना नमस्कार.

आपण भेटलेलो नाही. मी तुमच्या थांबाबाईंची भाचेसून. पुडक्यावर लिहिलेला तुमचा पत्ता उतरवून घेतला आणि हे पत्र कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. आत्यांना यातलं काही माहीत नाही.

तुमचं फेब्रुवारीचं पत्र त्यांनी फ्रिजच्या दारावर लावलंय. नऊच्या आकड्याभोवती लाल पेन्सिलीने गोल केलाय. मी कॉफीबद्दल तोंड उघडलं की त्या फक्त त्या गोलावर बोट ठेवतात.

मावशी, मला कॉफीतलं काही कळत नाही. मी चहा पिणारी. पण करपलेलं मला कळतं. आत्या भाजायला बसल्या की घरात इतका धूर होतो की समोरच्या बिऱ्हाडातून दोनदा दार वाजवून गेले. बिया कोळशासारख्या काळ्या होईपर्यंत त्या कढई उतरवत नाहीत. पूर्वी म्हणे तांबूस असायच्या, असं माझे मिस्टर म्हणतात. त्यांना म्हटलं तुम्ही सांगा, तर म्हणाले, "तुमच्या दोघींच्या मध्ये मला घेऊ नका." गेल्या आठवड्यात दूध उतू जाऊन जळलं. आत्या शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होत्या. त्यांना पत्ताच नाही.

माझं कामच चुका काढायचं आहे, त्यामुळे त्यांना वाटतं मी घरीही तेच करते. असेल तसं. पण तुमच्याशी त्या भांडणार नाहीत. तुमचं पत्र आलं की त्या दिवशी घरात गाणं ऐकू येतं.

मला एवढंच विचारायचंय. ती कॉफी खरंच नऊ मार्कांची होती का? असेल तर मी गप्प बसेन. नसेल तर तुम्ही त्यांना सांगा ना. त्यांना डॉक्टरकडे न्यावं असं माझ्या मनात आहे, पण तुमचं पत्र दारावर असेपर्यंत त्या हलणार नाहीत.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर माफ करा.

तुमची,
भाचेसून


१२ एप्रिल

चि. भाचेसुनेस,

पोरी, तू लिहिलंस ते बरं केलंस. आणि तू म्हणतेस ते खरं आहे. ती कॉफी करपलेली होती. ती एकच नाही, नोव्हेंबरपासून आलेलं प्रत्येक पुडकं करपलेलं आहे. आमच्या घरच्यांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "हे पिण्याचं आहे की दात घासण्याचं?" मी पुडकी फेकत नाही. डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवते. चार डबे झालेत.

मग नऊ का लिहिले, ते सांगते. तीन वर्षांपूर्वी तिने अशीच एक बिघडलेली कॉफी पाठवली होती. माझी जीभ मुळात तिखट, त्यात आमचा खरं बोलायचा नियम. मी लिहिलं, "निकाल : शून्य. ओल्या पुठ्ठ्याचा काढा." वर पुठ्ठ्याच्या खोक्यातून वाफ निघतेय असं एक चित्रही काढलं. फार हुशारी वाटली होती मला तेव्हा. त्यानंतर आठ महिने तिचं पत्र नाही. मी चार पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. आठव्या महिन्यात एक कार्ड आलं, चार ओळींचं. मोजणीदार गेले. माझं ते पत्र पोचलं तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते, आणि ती त्यांच्या उशापासून उठून, कशीबशी वेळ काढून माझ्यासाठी कॉफी भाजत होती. आणि मी काय पाठवलं, तर पुठ्ठ्याचं चित्र.

ते आठ महिने मी कसे काढले माझं मला ठाऊक. पुन्हा ते मला झेपायचं नाही. एक्स्चेंजमधल्या आम्ही अकराजणी होतो, त्यातल्या दोघीच उरलोय. तिला या वयात आपल्या हातचं काही चांगलं होतंय एवढा आनंद मिळत असेल, तर माझ्या चार खोट्या मार्कांनी कोणाचं काय बिघडतं? हात बसलेला असतो तो वयाने सुटतो. माझ्याही हातून भाजी करपते.

तेव्हा माझं ऐक. तूही मूग गिळून बस. भाजताना खिडकी उघडी ठेव, समोरच्यांची समजूत घाल. डॉक्टरचं म्हणशील तर हळूच, निवांतपणे, कॉफीचा विषय न काढता बघ. आणि हे पत्र वाचून फाडून टाक.

अनेक आशीर्वाद.

घाईमावशी


२० जून

प्रिय घाईबाई,

पुडकं पाठवतेय. मे महिन्यात आठच मार्क दिलेस त्याचा राग अजून गेलेला नाही. या खेपेला सवलत नको, पण अन्यायही नको.

इथे एक नाटक झालं, ते सांगते. मागच्या गुरुवारी स्वयंपाकघरात गॅसचं बटण अर्धवट फिरलेलं राहिलं. ज्योत नव्हती. मी तिथेच टेबलाशी बसून तुझ्यासाठी बिया निवडत होते. भाचेसून कामावरून आली ती किंचाळतच. चपला पायातच. खिडक्या उघडल्या, बटण बंद केलं, मला दंडाला धरून जिन्यात काढलं. माझ्या मांडीवरच्या बिया सगळ्या घरभर. मी म्हटलं, "अगं, झालं तरी काय?" तर ती जिन्याच्या पायरीवर बसून रडायला लागली.

संध्याकाळी भाच्याचा आणि तिचा दरबार भरला. तिने नाकाच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली होती, कधीपासून कोण जाणे. मी म्हटलं, मी येणार नाही. बटण राहिलं ही माझी चूक, विसरभोळेपणा झाला, कबूल. पण नाकाला काही झालेलं नाही. ज्या नाकाने नऊ मार्कांची कॉफी भाजली, त्या नाकाला डॉक्टर काय शिकवणार? फ्रिजवरचं तुझं पत्र काढून तिच्या हातात दिलं. "हे वाच, आणि ही बाई जन्मात खोटं बोललेली नाही," असं सांगितलं. तिने पत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पर्स उघडली आणि तशीच मिटून ठेवली. घाईबाई, तिच्याशी झालेल्या वादात मी पहिल्यांदाच जिंकले! वेळ रद्द झाली. नंतर मलाच जरा वाईट वाटलं.

बाकी बरं आहे. कपाळ सकाळी जड असतं. चष्म्याचा नंबर पुन्हा बदललाय बहुतेक, पेपरातल्या ओळींची कड पुसट दिसते. चष्मेवाल्याकडे जाईन सवडीने.

चवीचं म्हणशील तर अजून तसंच. पण तू म्हणतेस ना, जीभ आळसावते. तुझ्या जिभेवर माझं चाललंय.

तुझी,
थांबाबाई


१ जुलै
(कार्ड)

प्रिय थांबाबाई,

निकाल : साडेआठ. झाला ना राग शांत?

गॅसचं दोनदा वाचलं. असा हलगर्जीपणा पुन्हा करू नकोस, माझी शपथ आहे. भाचेसून गुणाची आहे गं. ती एवढं म्हणतेय तर एकदा दाखवून ये की. तिचं समाधान होईल, आपलं काय जातंय? नाक तुझं शाबूत आहे, ते डॉक्टरही सांगेल. आणि चष्म्याचं आधी बघ. मला खूप लिहायचं होतं पण कार्डावरची जागा

संपली. — घाईबाई


१८ नोव्हेंबर

ती. मावशींना नमस्कार.

ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर, तुमची तिन्ही पत्रं पोचली. उत्तर द्यायला मी आज बसतेय. आत्या लिहू शकत नाहीत.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या घरातल्या घरात दाराच्या चौकटीवर आपटल्या. रोजचं दार. दुसऱ्या दिवशी पायरी चुकून पडल्या. मग मात्र मी कोणाचं ऐकलं नाही, रिक्षात घातलं आणि नेलं. डोक्याचा फोटो काढला. कपाळाच्या मागे, नाकाच्या वरच्या बाजूला गाठ होती. लिंबाएवढी. कॅन्सर नाही. डॉक्टरांनी सांगितलं, ही सावकाश वाढते, कित्येक वर्षं. आधी वासाच्या नसांवर बसते, म्हणून पहिल्यांदा वास जातो आणि माणसाला स्वतःला कळतही नाही. मग ती मागे सरकून डोळ्यांच्या नसा दाबते.

ऑपरेशन ऑक्टोबरमध्ये झालं. गाठ निघाली. आत्या वाचल्या. उजव्या डोळ्याने काही दिसत नाही. डाव्या डोळ्याला उजेड कळतो आणि समोर हात हलवला तर सावली कळते. यापुढे सुधारणार नाही, असं सांगितलंय.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "आजी, वास कधीपासून येत नाही?" आत्या म्हणाल्या, "मला वास येतो." आणि मला घरी पाठवून तुमची पत्रं मागवली. मी आणली. नऊ, साडेआठ, आठ, पुन्हा नऊ. डॉक्टरांच्या टेबलावर मांडली. त्यांनी एक उचललं, खाली ठेवलं आणि कापसाच्या बोळ्याला काहीतरी लावून आत्यांच्या नाकाशी धरलं. मला दारातून त्याचा वास आला. आत्या म्हणाल्या, "लावा ना, मी वाट बघतेय."

बाहेर आल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, एप्रिलमध्ये आणलं असतं तर? ते म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. पण डोळे बहुधा वाचले असते."

मी का गप्प बसले, ते माझं मी बघेन. जूनमध्ये माझ्या पर्समध्ये तुमचं एप्रिलचं पत्र होतं. त्यांच्यासमोर धरायला दोन मिनिटं पुरली असती. मी तुमचं सांगणं पाळलं. कारखान्यात एक उसवलेली शिवण सोडली तर मला घरी पाठवतील, आणि इथे मी हे सोडून दिलं.

तुमचं ते पत्र मी फाडलेलं नाही आणि त्यांना वाचूनही दाखवलेलं नाही. त्या रोज विचारतात, घाईबाईचं काही आलं का. काय ते तुम्ही सांगा. मी वाचून दाखवेन, एक शब्द न गाळता.

भाचेसून


२७ नोव्हेंबर

प्रिय थांबाबाई,

निकाल आधी.

नोव्हेंबर, तीन. डिसेंबर, तीन. फेब्रुवारी, दोन. मार्च, एक. मे, एक. जून, शून्य. जूनची तर मी प्यायलेच नाही. पुडकं उघडलं, वास घेतला आणि बंद केलं.

हे तू तुझ्या भाचेसुनेच्या आवाजात ऐकते आहेस. तिच्यावर रागावू नकोस. तिने मला एप्रिलमध्ये सरळ विचारलं होतं आणि मी तिला गप्प बसायला सांगितलं. माझं ते पत्र तिच्याकडे आहे, तेही तिला वाचायला सांग.

तू मला विचारलं होतंस. बिया, की मी? तीन शब्दांचा प्रश्न होता. एवढा सरळ प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नसेल. मी त्या दिवशी टेबलाशी बसले. समोर कप होता, त्यातून कोळशाचा वास येत होता. मी आधी "दोन" लिहिलं. खरंच लिहिलं होतं. मग मला ते पुठ्ठ्याचं चित्र आठवलं, तुझे ते आठ महिने आठवले, आणि मी नवा कागद घेतला. पेटीवाल्या गृहस्थांबद्दल लिहीत बसले, म्हणजे तुझं लक्ष निकालावरून उडेल.

तुझ्या भाचेसुनेला मी लिहिलं की तुझा आनंद टिकावा म्हणून मी खोटं बोलतेय. तिने ते खरं मानलं. मीही मानलं. पण खरं कारण ते नव्हतं. मला भीती वाटत होती. तू पुन्हा लिहायची बंद होशील याची. तुझ्या डोळ्यांपेक्षा मला तुझी पत्रं जास्त प्यारी झाली, असंच म्हणायला हवं.

जूनमध्ये तर तू गॅसचं लिहिलंस. तेव्हा मला कळायला हवं होतं. खरं सांगू? कळलं होतं. पूर्ण नाही, पण कुठेतरी कळलं होतं. तरी मी कार्ड घेतलं. चार पानांचं पत्र लिहायला हवं होतं तिथे मुद्दाम कार्ड घेतलं, म्हणजे जागा लवकर संपेल. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची खोटी बोलणी ऐकून ऐकून मी त्यात फार तयार झाले होते, दुसरं काय.

आमचे हे म्हणतात, तू डॉक्टर नाहीस, तुला काय ठाऊक. मला बरं वाटावं म्हणून म्हणतात. मला त्याने बरं वाटत नाही.

मला तिकडे यायचंय. तुझ्यासमोर बसायचंय. तू बोलली नाहीस तरी चालेल. येऊ का?

तुझी,
घाईबाई


१४ जानेवारी

प्रिय घाईबाई,

हे मी सांगतेय आणि भाचेसून लिहितेय. मधे मधे ती थांबते, तेव्हा मी तिला दटावते.

तुझं पत्र आलं त्याला सहा आठवडे होतील. तीन वेळा वाचून घेतलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, उत्तर द्यायचं नाही. एप्रिलचंही ऐकलं. त्यानंतर चार दिवस मी भाचेसुनेशी बोलले नाही. पण तिने हात धरल्याशिवाय मला न्हाणीघरात जाता येत नाही, ताटात काय कुठे वाढलंय ते कळत नाही. तिच्यावर रुसून राहणं मला परवडायचं नाही. तुझ्यावर परवडतं. तू लांब आहेस.

आता पुठ्ठ्याचं ऐक.

तुझं ते पत्र आलं तेव्हा मोजणीदारांना घरी आणून महिना झाला होता. येईल तो माणूस म्हणायचा, "आज चेहऱ्यावर तेज आहे." डॉक्टर म्हणायचे, "सुधारणा दिसतेय." माझा सख्खा भाऊ म्हणायचा, "थंडी सरली की फिरायला जाऊ." मोजणीदार सगळं ऐकून घ्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्यात तुझं पत्र आलं. मी त्यांच्या उशाशी बसून मोठ्याने वाचलं. "निकाल : शून्य. ओल्या पुठ्ठ्याचा काढा." चित्र दाखवलं. ते इतके हसले, इतके हसले की त्यांना ठसका लागला, मला पाठ चोळावी लागली. म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. म्हणाले, "या घरात महिनाभरात पहिलं खरं वाक्य आलं." ते पत्र त्यांनी उशीखाली ठेवून घेतलं. गेले तेव्हाही तिथेच होतं. मी ते त्यांच्यासोबत जाऊ दिलं.

आठ महिने मी कोणालाच लिहिलं नाही. तुलाच असं नाही. पेन हातात घेतलं की काय लिहावं कळायचं नाही, एवढंच होतं ते. तुझी चार पत्रं मी वाचली होती. त्यात तू हवापाण्याचं विचारलंस, तब्येतीचं विचारलंस, पण "माझ्या निकालाचा राग आला का" हे एकदाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर त्या अवस्थेतही मी दोन ओळी लिहिल्या असत्या. एवढा वेळ तू हे मनात घेऊन बसलीस आणि मला काही माहीतच नव्हतं.

दोष सगळा तुझा, असंही मी म्हणत नाही. घरात एक नाक होतं, ते रोज ओरडून सांगत होतं. त्याचं न ऐकता मी दोनशे मैलांवरच्या जिभेचं ऐकलं. हे वाक्य लिहिताना भाचेसून रडतेय. तिला म्हटलं, शाई पसरेल, आधी पत्र पुरं कर.

कढई मी देऊन टाकली. सकाळी ती तिच्या चहाबरोबर मला कॉफी करून देते, बाटलीतली, चमचाभर पूड आणि गरम पाणी. मी पिते. मला काही फरक कळत नाही. याचंच सगळ्यात वाईट वाटतं. डोळ्यांची हळूहळू सवय होतेय, याची होत नाही.

तू येऊ का विचारलंस. आत्ता येऊ नकोस. तू समोर बसलीस तर मला तुझा चेहरा दिसायचा नाही. मग तू खरी रडतेस की काय करतेस, ते मला ओळखता येणार नाही, आणि मी नुसती तुझ्या आवाजावर संशय घेत बसेन. ते मला नको आहे.

भाचेसून विचारतेय, शेवटी "माफ केलं" असं लिहू का? म्हणजे तुझ्या जिवाला बरं वाटेल. मी म्हटलं, नको. आज तसं लिहिलं तर तेही तुझ्या नऊ मार्कांसारखंच होईल. खरोखर वाटेल तेव्हा कळवीन. किती दिवस लागतील ते मला माहीत नाही. तोवर विचारू नकोस.

लिहीत मात्र राहा. कॉफीबद्दल नको, बाकी काहीही लिही. नात कोणाला चावली ते लिही, पेटीवाले पाचव्या सुराला पोचले का ते लिही. टपाल साडेअकराला येतं, आणि मी अकरापासूनच दारात खुर्ची टाकून बसलेली असते.

तुझी,
थांबाबाई